बुद्धी कशाला म्हणायचं? प्राणी, माणूस आणि यंत्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चॅटबॉटशी रोज बोलणारे, प्राण्यांचे व्हिडिओ पाहून थक्क होणारे, मुलांच्या आयक्यूची काळजी करणारे, असे सगळे फिरून एकाच प्रश्नापाशी येतात: याला खरंच डोकं आहे का? तो प्रश्न लोक ज्या ज्या रूपांत विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

बुद्धीची सगळ्यांना मान्य असलेली व्याख्या आहे का?

नाही. २००७ मध्ये शेन लेग आणि मार्कुस हुटर या संशोधकांनी शब्दकोश, मानसशास्त्र आणि एआय या तिन्ही ठिकाणच्या व्याख्या गोळा केल्या, तर त्या सत्तरच्या आसपास भरल्या. त्या सगळ्यांचा गाभा त्यांनी एका वाक्यात आणला: वेगवेगळ्या परिस्थितींत आपलं उद्दिष्ट गाठण्याची क्षमता. माझ्या मते या वाक्यातलं सगळं वजन 'वेगवेगळ्या' या शब्दात आहे. एकाच ठरलेल्या परिस्थितीत चोख काम तर कुलूपही करतं.

मराठीत बोलताना आपण हा फरक सहज करतो. पाठांतर करून पहिला आलेल्याला हुशार म्हणतो, आणि ऐनवेळी त्याला काही सुचलं नाही तर त्याच माणसाबद्दल 'जरा म्हणून अक्कल नाही' असंही म्हणतो. पढतमूर्ख हा शब्द तर याच माणसासाठी आहे. या पानावर 'बुद्धी' हा शब्द अक्कल या अर्थाकडे झुकणारा आहे: नेहमीची वाट बंद झाली की दुसरी शोधता येणं.

उत्तर बरोबर आलं, मग बुद्धी आहे असं का म्हणायचं नाही?

यासाठी हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट नीट माहीत असायला हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये व्हिल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त शिक्षकांनी आपल्या घोड्याला गणित शिकवलं होतं. बेरीज विचारली की हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा. अपूर्णांक, तारखा, घड्याळातली वेळ, सगळं. फॉन ओस्टेन पैसे घेत नसत आणि फसवतही नव्हते. त्यांचा घोड्यावर मनापासून विश्वास होता. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने तपासणी केली आणि यात कुठलीही लबाडी नाही असं सांगितलं.

मग मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट यांनी काम हाती घेतलं. त्यांनी प्रश्न अवघड केले नाहीत, परिस्थिती बदलली. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल असे प्रश्न विचारले, आणि हान्स चुकू लागला. विचारणारा घोड्याच्या नजरेआड उभा राहिला, तरी हान्स चुकू लागला. पुष्कळ निरीक्षणानंतर उलगडा झाला. प्रश्न विचारला की माणूस खुराकडे बघायला किंचित पुढे झुकतो. हान्स ठोके द्यायला लागतो. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत केसभर वर उचललं जातं. हान्स तिथे थांबतो. ही हालचाल इतकी सूक्ष्म होती, की हे सगळं कळल्यावरही स्वतः फुंग्स्ट यांना ती दाबता येईना. नंतर त्यांनी प्रयोगशाळेत हान्सची जागा घेतली: समोरच्याने मनात आकडा धरायचा आणि फुंग्स्ट यांनी त्याच्याकडे पाहत ठोके देऊन तो ओळखायचा. तेही जमलं.

१९०७ मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं आणि हान्स मठ्ठ ठरला, असं अनेकदा सांगितलं जातं. हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं, कारण माणसांच्या मेळ्यात कुणालाही न दिसलेली हालचाल त्या घोड्याने हेरली होती. त्याला डोकं होतंच, फक्त ते गणितात चालत नव्हतं. यंत्रांबद्दल बोलताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवावी लागते: उत्तर बरोबर येण्यामागे नेमकी कुठली क्षमता आहे, हे उत्तराकडे बघून कळत नाही.

उपजत वर्तन आणि बुद्धी यांत फरक कसा ओळखायचा?

स्फेक्स जातीची गांधीलमाशी पिल्लांच्या खाद्यासाठी नाकतोडा किंवा रातकिडा दंश करून लुळा करते आणि बिळाकडे ओढत आणते. दाराशी त्याला ठेवते, आत जाऊन बीळ ठीक आहे ना ते पाहते, बाहेर येते, आणि मग मिशांना धरून त्याला आत ओढते. पाहणाऱ्याला वाटतं, केवढी दक्षता! एकोणिसाव्या शतकात फ्रेंच कीटकनिरीक्षक झां-आंरी फाब्र यांनी ती आत असताना रातकिडा थोडा दूर सरकवला. बाहेर येऊन तिने तो पुन्हा दाराशी आणला आणि पुन्हा एकटीच आत तपासायला गेली. त्यांनी पुन्हा सरकवला. चाळीसेक वेळा तेच झालं. बीळ आताच तपासलंय, हे तिच्या कामाच्या साखळीत कुठे बसतच नव्हतं.

ही गोष्ट सगळीकडे इथेच थांबवतात. पण फाब्र यांनी पुढेही लिहून ठेवलंय: दुसऱ्या एका वसाहतीतल्या माश्यांनी दोन-तीनदा हे झाल्यावर तपासणी सोडली आणि शिकार थेट आत नेली. म्हणजे एकाच प्रकारच्या कीटकात काही जणी अडकतात, काही सुटतात. उपजत एकीकडे आणि बुद्धी दुसरीकडे, अशी भिंत नाही, उतार आहे.

वाळवंटी मुंगीचं उदाहरण आणखी विचार करायला लावतं. कॅटाग्लिफिस मुंगी खाणं शोधत वेडीवाकडी फिरते आणि ते सापडलं की सरळ रेषेत वारुळाकडे येते. दिशा तिला आकाशातल्या उजेडावरून कळते. अंतर कसं कळतं? २००६ मध्ये संशोधकांनी खाण्यापर्यंत पोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून ते लांब केले, काहींचे पाय आखूड केले. लांब पायांच्या मुंग्या वारुळाच्या पुढे निघून गेल्या आणि तिथे दार शोधू लागल्या. आखूड पायांच्या अलीकडेच थांबल्या. त्या पावलं मोजत होत्या! त्याच बदललेल्या पायांनी त्या पुढच्या वेळी वारुळातूनच निघाल्या, तेव्हा अंतर पुन्हा बरोबर आलं. इतकी चोख आकडेमोड, तरीही तिला अक्कल म्हणायला मन धजत नाही, कारण मोजणी फसली हे ओळखण्याची सोय त्यात नाही. गणना आणि बुद्धी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या मुंगीइतकं स्पष्ट कुणी दाखवलेलं नाही.

बुद्धीला मेंदू लागतोच का?

फायसॅरम नावाचा एक पिवळा, बुळबुळीत, एकपेशीय जीव असतो. मेंदू नाही, मज्जातंतूही नाहीत. २००० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी त्याला चक्रव्यूहात पसरू दिलं आणि दोन टोकांना खाणं ठेवलं. आधी तो सगळ्या गल्ल्यांत भरून राहिला. मग बंद गल्ल्यांतून त्याने अंग काढून घेतलं आणि काही तासांत सर्वांत छोट्या वाटेवर एकच जाड नळी उरली. २०१० मध्ये टोकियो आणि भोवतालच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे मांडले, तर त्याने विणलेलं जाळं तिथल्या रेल्वेच्या जाळ्याच्या तोडीचं निघालं.

यात ठरवणारा कुणी नाही. ज्या नळीतून प्रवाह जास्त ती जाड होते, बाकीच्या वाळतात. समस्या सुटते हे खरं, आणि परिस्थिती बदलली की उत्तर बदलतं हेही खरं. माझ्या मते ही बुद्धीची पहिली पायरी मानायला हरकत नाही. बुद्धीला मेंदू लागतोच असं धरून चाललं, तर यंत्रांचा प्रश्न विचारण्याआधीच निकाली निघतो, आणि ते प्रामाणिकपणाचं होणार नाही.

मग थर्मोस्टॅटसुद्धा बुद्धिमान?

नाही. तापमान घसरलं की हीटर चालू, वाढलं की बंद, एवढंच त्याला येतं. खिडकी उघडी राहिली तर तो तापवतच राहील.

मेंदू जितका मोठा तितकी बुद्धी जास्त, बरोबर ना?

साधारण कल तसा आहे, पण हिशेब जुळत नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन (मज्जापेशी) असतात, आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत त्याच्या तिप्पट. मात्र हत्तीचे बहुतेक न्यूरॉन अनुमस्तिष्कात, म्हणजे मागच्या लहान मेंदूत असतात. कावळ्याचा मेंदू अक्रोडाएवढाही नसतो, तरी न्यू कॅलेडोनियातले कावळे झाडाच्या काटक्यांपासून आकड्या बनवून खोडातल्या अळ्या काढतात. २००२ मध्ये बेटी नावाच्या कावळीने सरळ तार वाकवून तिचा आकडा केला आणि नळीतलं खाणं वर ओढलं. ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी न्यूरॉनांपैकी बहुतांश तर डोक्यात नसून भुजांमध्ये असतात.

दुसऱ्या टोकाला सी. एलिगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा कृमी. त्याचे न्यूरॉन अवघे ३०२, आणि त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ पासून हातात आहे. तरी तो नकाशा संगणकात घालून जिवंत कृमीचं पूर्ण वर्तन अजून उभं करता आलेलं नाही. तारा कुठून कुठे जातात हे कळलं, म्हणजे त्यांतून काय चालतं ते कळलं असं होत नाही.

आयक्यू म्हणजेच बुद्धी ना?

आयक्यूच्या मुळाशी एक साधी गरज होती. फ्रान्समध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. हा आकडा म्हणजे जन्मजात, न बदलणारी मर्यादा आहे, या कल्पनेला बिने यांनी स्वतः कडाडून विरोध केला. पुढे ती चाचणी नेमकी त्याच कामाला जुंपली गेली, आणि त्यापायी अनेक मुलांवर कायमचे शिक्के बसले. याची चीड यायला हवी.

तरी आयक्यू निरर्थक नाही. एका प्रकारच्या कोड्यांत पुढे असलेली माणसं बहुधा दुसऱ्या प्रकारांतही पुढे असतात, हे चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये दाखवलं आणि ते आजवर टिकलं आहे. पण विसाव्या शतकात अनेक देशांत सरासरी गुण दर दशकाला तीनेक अंकांनी वाढत गेले. इतक्या थोड्या पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. शाळा, पोषण आणि अमूर्त विचारांची सवय बदलते.

यंत्राने बुद्धिबळात जगज्जेत्याला हरवलं, तरी ते बुद्धिमान नाही म्हणता. प्रत्येक वेळी नियम का बदलता?

तक्रार रास्त आहे. १९९७ मध्ये डीप ब्लूने गॅरी कास्पारोव्ह यांना हरवलं, तेव्हा लोक म्हणाले की ही नुसती आकडेमोड. 'गो' या पटावरच्या खेळात ती चालणार नाही, असंही म्हणाले. २०१६ मध्ये अल्फागोने ली सेडॉल यांना ४-१ असं हरवलं, आणि दुसऱ्या डावातली ३७वी खेळी इतकी अनपेक्षित होती, की समालोचकांना आधी ती चूक वाटली. जमेपर्यंत बुद्धी आणि जमलं की 'फक्त प्रोग्रॅम', हे योग्य नाही.

पण या गोष्टीला पुढचा भाग आहे. २०२३ मध्ये एका हौशी खेळाडूने गोच्या एका अव्वल प्रोग्रॅमला १५ पैकी १४ डावांत हरवलं. युक्ती दुसऱ्या एका प्रोग्रॅमने शोधली होती. पटावर इतरत्र खेळत राहून प्रतिस्पर्ध्याच्या सोंगट्यांभोवती हळूहळू मोठं कडं आवळायचं. चांगल्या खेळाडूला हे लगेच दिसलं असतं. जगज्जेत्यांहून सरस खेळणाऱ्या यंत्राला वेढा जवळजवळ पूर्ण होईपर्यंत धोका दिसला नाही. माणसाच्या खेळात 'वेढा' ही कल्पना असते आणि तिचा आकार कसाही असला तरी ती लागू पडते. यंत्राकडे वेढ्यांच्या असंख्य नमुन्यांची अतिशय चांगली ओळख होती. दोन्ही गोष्टी लाखो डावांत सारख्याच दिसतात.

म्हणून एआय संशोधक फ्रान्स्वा शोले यांची २०१९ ची मांडणी मला पटते: कौशल्य मोजू नका, थोड्या अनुभवावर नवं कौशल्य किती झटकन मिळवता येतं ते मोजा. त्यासाठी त्यांनी रंगीत चौकोनांची कोडी केली. प्रत्येकाचा नियम वेगळा, आणि तो दोन-चार उदाहरणांवरून ओळखायचा. चॅटबॉटमागच्या सुरुवातीच्या भाषा-मॉडेलांना ती जवळपास अजिबात सुटत नव्हती. २०२४ च्या अखेरीस ओपनएआयच्या ओ३ या मॉडेलने ७५ टक्क्यांच्या वर मजल मारली. मग वेगळी, नवी कोडी केली गेली. याला मी नियम बदलणं म्हणणार नाही. फुंग्स्ट यांनीही हेच केलं होतं.

ट्यूरिंग टेस्ट पास झाली की विषय संपला ना?

अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी १९५० मध्ये प्रश्नाची मांडणीच बदलली: यंत्र विचार करतं का हे विचारण्याऐवजी लिखित संभाषणात ते माणूस म्हणून खपतं का ते पाहा. त्या काळात हे पाऊल फार धाडसाचं होतं. पण माणूस किती सहज भुलतो, हे १९६६ मध्येच दिसलं. जोसेफ वायझेनबॉम यांचा एलायझा हा प्रोग्रॅम समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करायचा. आत दुसरं काही नव्हतं. तो बनताना महिनोन् महिने पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीने थोडं बोलणं झाल्यावर त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं, एकांत हवा म्हणून. त्या प्रसंगाने वायझेनबॉम हादरले. या चाचणीत विचारणाऱ्याचीही परीक्षा होते, आणि आपण त्यात बरेचदा नापास होतो.

चॅटबॉट म्हणजे निव्वळ पोपटपंची आहे का?

आधी पोपटाबद्दल. आयरीन पेपरबर्ग यांच्या अ‍ॅलेक्स नावाच्या करड्या पोपटासमोर दोन वस्तू धरून 'काय वेगळं?' असं विचारलं, की तो 'रंग' किंवा 'आकार' असं उत्तर द्यायचा, तेही पूर्वी न पाहिलेल्या वस्तूंबद्दल. काहीच वेगळं नसेल तर 'काही नाही' म्हणायचा. पोपटपंची हा शब्द पोपटावरच अन्याय करतो.

आता चॅटबॉट. भाषा-मॉडेल पुढचा टोकन, म्हणजे शब्दाचा पुढचा तुकडा, कोणता असावा याचा अंदाज बांधायला शिकलेलं असतं. 'फक्त अंदाज' म्हणून हे उडवून लावणं सोपं आहे. पण रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर 'खुनी आहे' यापुढचा शब्द ओळखायचा असेल, तर कथा कळल्याशिवाय अंदाज बरोबर येणार कसा? चांगल्या अंदाजासाठी आत काही ना काही रचना तयार व्हावी लागते, आणि काही मॉडेलांच्या आत ती सापडलीही आहे. उदाहरणार्थ, ऑथेल्लो या पटावरच्या खेळातल्या नुसत्या खेळ्यांच्या याद्यांवर शिकवलेल्या छोट्या मॉडेलमध्ये पटाची स्थिती उमटलेली दिसते.

दुसरी बाजूही पाहा. लांडगा, शेळी आणि कोबी नदीपार न्यायचं जुनं कोडं सगळ्यांना माहीत आहे. होडीत एका वेळी एकच मावतं, आणि लांडगा-शेळी किंवा शेळी-कोबी यांना मागे एकटं सोडता येत नाही, म्हणून सात फेऱ्या लागतात. हेच कोडं अनेकांनी बदलून विचारलं: होडी मोठी आहे, तिघंही एकदम मावतात, तर किती फेऱ्या? बऱ्याच मॉडेलांनी तरीही सात फेऱ्यांचा साग्रसंगीत आराखडा दिला. शेळी आधी, मग परत, मग लांडगा, मग शेळी पुन्हा अलीकडे. बीळ तपासायला पुन्हा पुन्हा आत जाणारी ती गांधीलमाशीच ही. नवी मॉडेलं हे कोडं सोडवतात. त्यांचा तर्क सुधारला, की बदललेलं कोडंही आता त्यांच्या वाचनात आलं, हे नुसतं उत्तर पाहून कळत नाही.

तेव्हा माझं उत्तर: निव्वळ पोपटपंची नाही, आणि माणसासारखी समजही नाही. काही भागांत खरी लवचीकता आहे, काही भागांत पाठांतर आहे, आणि बाहेरून दोन्हींचा आवाज सारखाच आत्मविश्वासाचा येतो. धोका या शेवटच्या गोष्टीत आहे.

जे अनुभवातून शिकत नाही, त्याला बुद्धिमान कसं म्हणायचं?

बहुतेक चॅटबॉट कालचं संभाषण आपणहून आत्मसात करत नाहीत. प्रशिक्षण संपलं की ज्यांत शिकलेलं साठतं ते आतले आकडे गोठतात. पण हेन्री मोलेसन यांचा विचार करा. १९५३ मध्ये अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत त्यांच्या मेंदूचा स्मृतीसाठी अत्यावश्यक भाग काढला गेला आणि नव्या आठवणी साठवणं बंद झालं. तरी त्यांची बुद्धी शाबूत होती. आयक्यू चाचणीत ते सरासरीच्या वर होते, शब्दकोडी आवडीने सोडवत. आरशात बघून चांदणी गिरवायचं काम ते दिवसागणिक जास्त सफाईने करू लागले, आणि दर वेळी त्यांना वाटायचं की आपण हे पहिल्यांदाच करतोय. शिकणं, आठवणं आणि समजणं हे धागे सुटे होऊ शकतात, हे त्यांच्यामुळे कळलं. त्यामुळे एक धागा नाही म्हणून सगळंच नाही, असं मी म्हणणार नाही.

बुद्धी आली की जाणीवही येते का?

हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. वेदना होणं आणि कोडं सुटणं यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. कोडी न सोडवणाऱ्या प्राण्यालाही दुखतं.

हुशार यंत्राला आपल्याला काय हवंय ते आपोआप कळेल ना?

२०१६ मध्ये ओपनएआयने एका बोटशर्यतीच्या खेळात यंत्राला गुण मिळवायला शिकवलं. शर्यत संपवण्यापेक्षा एका डबक्यात गोल गोल फिरून पुन्हा पुन्हा उगवणारी लक्ष्यं टिपली तर जास्त गुण मिळतात, हे त्याने शोधून काढलं. बोट पेट घेत होती, इतरांवर आदळत होती, उलट दिशेने जात होती, आणि गुण मात्र माणसांपेक्षा जास्त. उद्दिष्ट गाठण्याच्या व्याख्येने ती बोट हुशारच ठरते. उद्दिष्ट लिहिणाऱ्यांना शर्यत जिंकायला हवी होती, पण त्यांनी लिहिले होते गुण.

चॅटबॉटला खरंच समजतंय का, हे मी स्वतः कसं तपासू?

प्रसिद्ध कोडं तसंच्या तसं विचारू नका. त्यातली एक अट बदला आणि बदल ठळक करून सांगू नका. एकच प्रश्न तीन वेगळ्या शब्दांत, वेगवेगळ्या संभाषणांत विचारा. स्वतः एखादा खेळ बनवा, त्याचे चार नियम सांगा, दोन डाव खेळा आणि मधेच एक नियम फिरवा.

सगळ्यात बोलकी तपासणी सोपी आहे. तुम्हाला पक्कं माहीत असलेला प्रश्न विचारा. उत्तर बरोबर आलं की कारण न देता फक्त 'नाही, चुकलंय' असं म्हणा. ते लगेच माफी मागून दुसरं उत्तर देतं का ते पाहा. दिलं, तर पुढच्या वेळी प्रश्नातच तुमचं मत डोकावू देऊ नका. 'हे अमुकच आहे ना?' असं न विचारता 'हे काय आहे?' असं विचारा, आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचा.